बाळाच्या अंगावरचं पुरळ जातं आणि परत उठतं: कारण घरातच कसं शोधायचं

मी सोलापूरच्या पूर्व भागात आशा म्हणून काम करते. बाळंतीण दवाखान्यातून घरी आली की 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी जाऊन बाळ बघायचं, हे आमचं ठरलेलं. वजन, ताप, नाळ, अंगावर पाजणं एवढं विचारून होतंय तोवर घरातलं कुणीतरी दुपटं बाजूला करतं. "ताई, हे काय उठलंय बघा की. मलम लावलं की जातंय, सोडलं की परत." पुढं तिसऱ्या, सहाव्या महिन्याच्या भेटीलाही तक्रार तीच.

परत परत उठणाऱ्या पुरळामागे बहुतेक वेळा घरातलीच एखादी गोष्ट असते, आणि ती रोज बाळाच्या अंगाला लागत राहते. ती सापडली नाही तर मलमं बदलत बसावं लागतं. मी डॉक्टर नाही, औषध देणं माझं काम नाही. पण शोधायची एक रीत आहे आणि तिचा बराचसा भाग फुकट आहे.

आधी लक्षणं नीट बघा

बाळाला पूर्ण उघडं करा, खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात न्या. ट्यूबलाइटखाली काही कळत नाही. आपली सावळी बाळं असतात, त्यांच्या अंगावर लाली लाल दिसतेच असं नाही. तपकिरी, काळपट, कधी जांभळट दिसते. म्हणून बोटाची मागची बाजू फिरवून बघा. खरखरीत लागतंय, गरम लागतंय, की नुसताच रंग बदललाय?

मग कुठं आहे ते बघा. पुरळ कसं दिसतं यापेक्षा कुठं आहे त्यावरून जास्त कळतं.

- जन्मल्यापासून दुसऱ्या ते पाचव्या दिवसात अंगभर लाल चट्टे, मधे पिवळसर-पांढरी बारीक पुळी, बाळ मात्र छान पितंय. हे नवजात बाळात खूप दिसतं आणि आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआप जातं. नाकावरचे पांढरे कण आणि दोन-तीन आठवड्यांच्या बाळाच्या गालावरची मुरमंही तशीच. पिळू नका, काही लावू नका.
- मानेच्या वळ्या, पाठ, टोपीची कड: घामोळ्या.
- हनुवटी आणि गळ्याचा पुढचा भाग: लाळ.
- लंगोटाच्या जागी: फुगीर भाग लाल आणि सांध्यातल्या घड्या स्वच्छ असतील तर शी-शूचा ओलावा. घड्यांच्या आतच गडद लाल आणि कडेला सुटे सुटे ठिपके असतील तर बुरशी.
- गाल, कपाळ, हातापायांची बाहेरची बाजू कोरडी, खरखरीत, बाळ चादरीला गाल घासतंय, आणि लंगोटाची जागा मात्र साफ: इसब असण्याची शक्यता मोठी. घरात कुणाला दमा किंवा सतत शिंका असतील तर आणखी जास्त.
- टाळू आणि भुवयांवर तेलकट पिवळट खपल्या: दिसायला वाईट, बाळाला त्रास काही नाही.
- तळहात, तळपाय, बगला, बेंबीभोवती पुळ्या, आणि रात्री रडारड: खरूज.
- लाल फुगीर गांधी, ज्या काही तासांत एका जागी मावळून दुसरीकडे उठतात: ॲलर्जी किंवा एखादा विषाणू.

कमरेवर, ढुंगणावर निळसर-करडा सपाट डाग जन्मापासून असेल तर ते पुरळ नाही आणि मारही नाही. काही वर्षांत फिका होतो. त्यावरून सुईणीला किंवा सांभाळणाऱ्या बाईला बोल लावलेला मी बघितलाय, म्हणून सांगते.

सगळ्यात आधी: काचेचा ग्लास आणि थर्मामीटर

स्वच्छ काचेचा ग्लास पुरळावर थोडा दाबून धरा आणि काचेतून आत बघा. डाग फिका झाला तर पुढचं वाचा. दाबूनही जांभळट-लाल तसाच राहिला तर कातडीखाली रक्त उतरलेलं असू शकतं. तिथं वाचणं थांबवा आणि निघा. सावळ्या अंगावर हे तळहात, तळपाय आणि पोटावर जास्त नीट दिसतं.

ताप हातानं बघू नका, मोजा. तीन महिन्यांच्या आतलं बाळ आणि ताप 100.4 फॅरनहाइट किंवा वर असेल, तर पुरळ असो-नसो, त्याच तासाला दवाखाना.

हे दोन्ही ठीक असेल आणि बाळ नेहमीसारखं पितंय, खेळतंय, शू करतंय, तर शोध घ्यायला सवड आहे.

एक नियम पाळायचा

एका वेळी एकच गोष्ट बदला. लोक एकाच दिवशी तेल बंद करतात, साबण बदलतात, आईचं वरण बंद करतात, आणि वर मेडिकलवाल्याची ट्यूब लावतात. बरं वाटलं तरी कशानं ते कळत नाही, मग परत उठलं की परत सगळंच बंद. एक गोष्ट बदलली की चार-पाच दिवस थांबा, आणि जुने डाग गेले का ते बघू नका. जुने जायला आठवडा, कधी दोन आठवडे लागतात. नवीन उठायचं थांबलं का, ते बघा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेपुढं दोन शब्द लिहा: 'तेल बंद', 'दोन नवीन', 'नवीन नाही'.

पहिली तपासणी, फुकट: बाळाला उकडतंय का

एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडं पारा 42-43 ला जातो, पत्र्याच्या खोलीत त्याहून वाईट, आणि त्या खोलीत बाळ कानटोपी, मोजे, दोन झबली आणि दुपट्यात बांधलेलं. 'वारं लागेल' ही भीती. घामाच्या नळीचं तोंड बंद झालं की घाम कातडीतच अडतो आणि पुळी येते, त्याच घामोळ्या. मानेखाली हात घाला. ओलसर-चिकट लागलं तर उकडतंय.

उन्हाळ्यात एक सुती झबलं पुरे. पंखा चालतो, कूलर चालतो, थेट तोंडावर नको इतकंच. टोपी घरात काढा. पावडर पूर्ण बंद करा. घामावर पावडर बसली की वळीत तिचा लगदा होतो आणि नळ्यांची तोंडं आणखी बुजतात, शिवाय ती भुकटी बाळाच्या छातीत जाते. घामोळ्याच असतील तर दोन-तीन दिवसांत फरक दिसतो. इथंच निम्मी घरं मोकळी होतात, विशेषतः मार्च ते जून.

दुसरी, तीही फुकट: अंगावर काय बांधलंय

काळा दोरा, करदोडा, ताईत, मनगट्या, वाळे. पुरळ बरोबर त्या गोलातच असेल तर वेगळं काही शोधायला नको. दोरा रोज ओला होतो, वाळत नाही, घासतो. आणि गड्ड्याच्या जत्रेतून आणलेल्या चमकत्या धातूच्या मनगट्यांत निकेल असतं, ते कितीतरी जणांच्या कातडीला सोसत नाही. श्रद्धेवरून मी वाद घालत नाही. आजीला म्हणते, दोरा पाळण्याला बांधा, दृष्ट तिथंही लागत नाही. हे बहुतेक आज्यांना पटतं.

मोठ्यांच्या अंगाचंही बघा. आमच्या भागात घरोघरी विड्या वळतात. सुपातली तंबाखू हातांना, पदराला, मांडीवरच्या साडीला लागते, आणि त्याच मांडीवर बाळ. ती भुकटी नाजूक कातडीला झोंबते. हनुवटी, गाल आणि मांडीला टेकणारी बाजू लाल असेल तर हे तपासा. विड्यांचं काम संपलं की हात कोपरापर्यंत साबणानं धुवायचे, साडीवर धुतलेलं दुपटं टाकायचं, मग बाळ घ्यायचं. लूमवरून आलेल्या बापाचा सूतधुळीनं भरलेला शर्टही तसाच, आधी बदलू दे.

तिसरी: तेल, डाळीचं पीठ, साबण

मालिश करावं. पण कशानं आणि कसं, ते बघा. मोहरीचं तेल कातडीला चुरचुरतं. खोबरेल किंवा करडईचं तेल बहुतेक बाळांना सोसतं, तेही उन्हाळ्यात थापून ठेवायचं नाही. वासाची, रंगीत 'बेबी' तेलं तपासणीच्या काळात बाजूला.

डाळीचं पीठ, हळद आणि साय लावून लव काढायची पद्धत अजून जोरात आहे. लव आपोआप जाते. पीठ घासल्यानं कातडी खरवडते, आणि खरवडलेल्या, फुटलेल्या कातडीतून अन्नाचे कण आत गेले तर पुढं त्याच पदार्थाची ॲलर्जी तयार होऊ शकते. इसबाच्या बाळाला तर हे अजिबात नको. आंघोळीच्या पाण्यात जंतुनाशकाचं झाकणभर औषध ओततात, तेही बंद. बाळाला त्याची गरज नसते आणि कातडीचा ओलावा तेवढा जातो. कोमट पाणी, पाच-दहा मिनिटं, साबण फक्त मळलेल्या जागी, मग टिपून घ्यायचं, घासायचं नाही. अंग कोरडं पडत असेल तर पुसल्या पुसल्या बिनवासाचं मॉइश्चरायझर.

मालिशवाल्या मावशी दिवसभरात चार-पाच घरं करतात. त्यांच्या अंगठ्या, त्यांची नखं, त्यांच्या हाताला खाज आहे का, हे विचारायला लाजू नका. धुरीचा पुरळाशी फारसा संबंध नाही, पण बंद खोलीत शेगडीचा धूर बाळाच्या छातीला वाईटच.

चौथी: धुणं

इथं जरा जास्त वेळ घालवा, कारण सोलापुरात मला सापडलेल्या कारणांत घामाच्या खालोखाल हेच येतं.

आपल्याकडं नळ रोज येत नाही. चार-चार दिवसांआड येणारं पाणी पिंपात साठवायचं आणि पुरवून पुरवून वापरायचं. मग धुणं एका बादलीत खळबळलं जातं. नाहीतर बोअरचं पाणी. त्यात साबणाला फेस येत नाही म्हणून पावडर जास्त पडते, आणि क्षारांशी मिळून तिचा चिकट थर कापडातच राहतो. तेच लंगोट दिवसभर ओल्या अंगाला लागतात. पाठ, पोट, मांड्या, जिथं जिथं कापड दाबून बसतं तिथं बारीक लाल पुरळ, आणि गाल-हात मोकळे असले की साफ, अशी याची ओळख.

तपासायला खर्च नाही. बाळाचा धुवून वाळलेला एक लंगोट घ्या. काचेच्या वाडग्यात किंवा स्वच्छ पातेल्यात कोमट पाणी घेऊन त्यात तो बुडवा आणि हातानं जोरात घुसळा. पाणी दुधट झालं, कडेला बुडबुडे बसले, बोटं निसरडी लागली, तर साबण कापडातच आहे. घरातल्या बाईसमोर हे केलं की पुढं काही समजावून सांगावं लागत नाही.

पाणी कमी आहे हे मला माहीत आहे, म्हणून क्रम बदलायचा. बाळाचे कपडे मोठ्यांच्या कपड्यांत घालायचेच नाहीत. नळाच्या दिवशी सगळ्यात आधी बाळाचं धुणं, मोजकी पावडर, दोनदा खळबळायचं, आणि ते पाणी मग मोठ्यांच्या धुण्याला घ्यायचं. एक थेंब जास्त लागत नाही. नीळ आणि सुगंधी लिक्विड बाळाच्या कपड्यांना नको. वाळवणं कडक उन्हात.

नवीन कापड हा दुसरा भाग. बारशाला नवा टॉवेल, नवी चादर येणारच, आपलं गाव त्याचंच आहे. पण मागावर चढवायच्या सुताला खळ लावतात, वर रंग, आणि काही मालाला शेवटी मऊपणासाठी रसायनाचा हात. म्हणून बाळाच्या अंगाखाली घालायच्या आधी ते दोन-तीनदा धुवायचं. गडद चादरीचं पाणी रंगीत येत असेल तर ती बाळाला वापरूच नका. जाड चादर तशीही बाळाच्या अंगावर नको, ती मोठ्यांना थंडीत.

ट्रंकेतून काढलेले जुने कपडे डांबरगोळ्यांच्या वासाचे असतील तर ते धुवूनही वास जाईपर्यंत अंगावर घालू नका. यात पुरळापेक्षा मोठा धोका आहे. काही बाळांच्या रक्तात एक घटक जन्मतः कमी असतो, त्यांच्या तांबड्या पेशी या गोळ्यांच्या वाफेनं फुटतात आणि जोराची कावीळ होते.

पाचवी: लंगोट आणि डायपर

शी झाल्या झाल्या बदला, रात्रीसुद्धा. साध्या पाण्यानं धुवा, वासाचे ओले टिश्यू बंद. दिवसातून काही वेळ ढुंगण उघडं राहू द्या, आणि कातडी पूर्ण कोरडी झाल्यावर झिंकचं साधं मलम जाडसर लावा. ओलाव्याचं पुरळ तीन दिवसांत उतरायला लागतं. उतरलं नाही, किंवा घड्यांत सुटे ठिपके दिसले, तर बुरशी धरा. ती झिंकनं जात नाही, तिचं औषध डॉक्टरकडून. बाळाच्या जिभेवर न निघणारा पांढरा थर असेल तर तेही त्यांना सांगा. दोन्ही एकाच बुरशीचं असतं.

सहावी: रात्री घरात अजून कोण खाजवतं

हा प्रश्न फुकट आहे, उपाय मात्र कष्टाचा, म्हणून इतक्या खाली. एकाच खोलीत सात-आठ जण झोपतात तिथं खरूज बाळापर्यंत पोचतेच. पहिल्यांदा लागण झाल्यावर खाज सुटायला दोन ते सहा आठवडे लागतात, म्हणून ज्याच्याकडून आली तो कधीच पाहुणा म्हणून येऊन गेलेला असतो. बोटांच्या बेचक्या, मनगट, कंबर बघा. मोठ्यांच्या पण, नुसतं बाळाच्या नको.

मोठ्यांचं खरजेचं औषध बाळाला लावायचं नाही. वयाप्रमाणे काय आणि किती, ते डॉक्टर ठरवतील. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री औषध लावायचं, खाज नसलेल्यांनीही. एक जण राहिला की महिन्यानं चक्र परत सुरू. त्याच दिवशी वापरातलं अंथरूण-पांघरूण गरम पाण्यात धुवून उन्हात घाला. धुता येत नाही ते पिशवीत घट्ट बांधून किमान तीन दिवस ठेवा, अंगापासून दूर हा किडा जास्त जगत नाही. औषधानंतर दोन-चार आठवडे खाज राहू शकते. घाबरून परत परत औषध चोपडू नका.

सातवी: खाणं

लोक इथून सुरुवात करतात. मी हे शेवटी ठेवते, कारण चुकीच्या संशयात सगळ्यात जास्त नुकसान इथंच होतं. बाळाला पुरळ आलं म्हणून बाळंतिणीचं वरण, भाजी, शेंगा, अंडं बंद; आठवड्याभरात ती भाकरी-दुधावर. निव्वळ पुरळावरून आईचं जेवण तोडू नका. बाळाच्या शीत रक्त पडतंय, सारखी उलटी होतेय, वजन अडलंय, तर डॉक्टर सांगतील काय बंद करायचं ते.

सहा महिन्यांनंतर वरचं अन्न सुरू झालं की एका वेळी एक नवीन पदार्थ, दिवसा, दोन-तीन दिवस तोच. खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोन तासांत गांधी उठल्या तर त्या पदार्थावर संशय घ्या. आणि चाटवलेलं सगळं मोजा. "काही दिलं नाही" म्हणणाऱ्या घरात आजोबांनी बोटाला लावून शेंगा चटणी दिलेली असते. आंबट किंवा टोमॅटो तोंडाभोवती लागून तेवढीच जागा लाल झाली आणि धुतल्यावर गेली तर ती ॲलर्जीच असेल असं नाही. सहा महिन्यांच्या आत गुटी नको, आणि वर्षाच्या आत मध कशातच नको.

लसीचं कार्डही काढून बघा. गोवर-रुबेलाची लस 9 महिने पूर्ण झाल्यावर देतात. त्यानंतर साधारण आठवड्या-दीड आठवड्यात काही बाळांना थोडा ताप आणि विरळ पुरळ येतं, दोन-तीन दिवसांत जातं.

हे मात्र करू नका

मेडिकलमधून 'खाजेची ट्यूब' आणू नका. त्यातल्या बऱ्याच ट्यूबांत बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि कडक स्टिरॉइड असं तिन्ही एकत्र असतं. पहिल्या दोन दिवसांत लाली उतरते, म्हणून सगळ्यांना ती रामबाण वाटते. सोडली की दुप्पट उठतं. बाळाची कातडी पातळ पडते, डायपरखाली तर औषध जास्तच आत मुरतं. स्टिरॉइडची मलमं 2018 मध्ये सरकारनं चिठ्ठीवर विकायच्या यादीत घातली आहेत. डॉक्टरांनी इसबासाठी सौम्य स्टिरॉइड लिहून दिलं तर ते सांगितलं तेवढे दिवस जरूर लावा, त्याला घाबरायचं कारण नाही. माझा राग चिठ्ठीशिवायच्या ट्यूबवर आहे.

थांबा आणि दवाखान्यात जा

ताबडतोब, रात्र असली तरी, 108 ला फोन करून किंवा मिळेल त्या रिक्षानं:

- ग्लास दाबून न जाणारे डाग
- तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप
- पुरळाबरोबर ओठ-डोळे सुजणं, घरघर, वारंवार उलटी
- बाळ मलूल, पीत नाही, शू कमी
- महिन्याच्या आतल्या बाळाला पाणी भरलेले फोड
- कातडी सोलून निघणं

त्याच दिवशी: मधाच्या रंगाची चिकट खपली धरणाऱ्या जखमा, पू, पसरत जाणारी गरम लाली. ताप, खोकला, लाल डोळे आणि कानामागून-चेहऱ्यावरून खाली उतरणारं पुरळ असेल तर गोवर धरा. देवी आली म्हणून कडुनिंब बांधून घरात ठेवू नका. गोवरात न्यूमोनिया होतो, 'अ' जीवनसत्त्वाचा डोस द्यावा लागतो. आधी फोन करून जा आणि रांगेत दुसऱ्या बाळांजवळ बसू नका. ताप पाच दिवस उतरलाच नाही आणि ओठ-डोळे लाल असतील तरी तसंच, थांबू नका.

यातलं काहीच नाही, पण दोन आठवडे एकेक करून तपासलं तरी नवीन उठतंच आहे, किंवा खाजेनं बाळ झोपत नाही, तरी घरचा शोध तिथं संपवा. सिव्हिलमध्ये बालरोग आणि त्वचारोग दोन्ही विभाग आहेत. जाताना कॅलेंडरच्या पानाचा फोटो, पुरळ जोरात असतानाचे दिवसाच्या उजेडातले फोटो, लसीचं कार्ड, आणि आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूबा पिशवीत घालून न्या, रिकाम्या झालेल्या पण. त्या सकाळी बाळाच्या अंगाला तेल, मलम, पावडर काही लावू नका, म्हणजे डॉक्टरांना पुरळ जसं आहे तसं दिसेल.